दिगूच्या जिभेखालची गोळी

२ जानेवारी, गुरुवार

नवी डायरी. जोतिरामदादानं करमाळ्याच्या खताच्या दुकानातून आणून पाठवलेली. प्रत्येक पानाच्या तळाला कपाशीचं बोंड छापलंय. मला ते अफूचं दिसतं, तिकडं बघायचं नाही.

आज दिगू सुटला. पूर्ण नाव दिग्विजय. ते त्याच्या वडिलांनी ठेवलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढं मोठं नको.

जेलच्या दारात मी भाकरतुकडा घेऊन उभी, ओवाळून टाकायला. बघते तर माझ्या आधी एक दणकट माणूस हातात चहाचा कप घेऊन हजर. कपाळाला विभूती. नाव गुरप्पा, अक्कलकोटकडचा. जेलमधून सुटलेल्या नशेच्या पोरांना औषधाच्या केंद्रात घेऊन जाणं, हे त्याचं काम. मला म्हणाला, अव्वा, काळजी करू नका, मीबी ह्याच दारातनं भायेर पडलोय. म्हणजे स्वतःच्या तोंडानं सांगतोय की हा जेलात होता, आणि काळजी मी करायची नाही!

दिगूनं आधी त्याचा चहा घेतला. भाकरतुकडा नंतर. लक्षात ठेवलं आहे.

निश्चय केले. पोरावर संशय घ्यायचा नाही. संशय शिरला की घराची पोलीस चौकी होते. आणि माझी मिश्री बंद. पोरानं नशा सोडायची तर आईनं निदान तंबाखूची चिमूट सोडून मनाची ताकद दाखवावी. वास्तविक मिश्री हे व्यसन नव्हे. मी दात घासते. दिवसातून पाच-सहा वेळा घासते, एकेकाला स्वच्छता लागते.

संध्याकाळी दात घासले. शेवटचे.

३ जानेवारी, शुक्रवार

दिगू सकाळी चहा न पिता बाहेर. म्हणाला, केंद्रात गोळी घ्यायला. कसली गोळी? म्हणे जिभेखाली ठेवायची, जेलमध्येच डॉक्टरांनी सुरू केली, रोज घ्यायची.

रोज! हेच ऐकायला मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या?

याची सुरुवातही गोळीनंच झाली होती. चिंचोळी एमआयडीसीत हमालीला होता. डबल शिफ्ट. पाठ दुखते म्हणून कुणीतरी कॅप्सूल दिली. पाठ थांबली, कॅप्सूल थांबली नाही. मग खोकल्याच्या बाटल्या, मग कारखान्यातली तांब्याची तार, मग जेल. तो आत असताना त्याचे वडील गेले. पोलीस त्याला तासाभरासाठी घेऊन आले. खांद्याला चौथा माणूस उंचीचा मिळेना, तेव्हा एका हवालदारानं टोपी काढून खांदा दिला. रामहरीला आयुष्यभर पोलिसांची भीती. त्यांच्याच खांद्यावरून गेला. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात, मग गप्प होतात.

आता एक गोळी जाऊन दुसरी आली. मला कुणी फसवू शकत नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण पुढचं सगळं रद्दीच्या पेपरांवर आणि वाचनालयातल्या रहस्यकथांवर शिकले आहे. शंभरावर खुनी मी शेवटच्या पानाच्या आत ओळखले आहेत.

संशय नाही. नुसतं लक्ष ठेवायचं.

४ जानेवारी, शनिवार

दिगूच्या मागोमाग रिक्षानं गेले. मंडईला जाताना वाटेत पडतं. (मंडई उलट्या बाजूला आहे, पण तिकडं वांगी महाग.)

केंद्राच्या व्हरांड्यात बघते तर भिंतीला लागून सात-आठ माणसं बाकावर बसलेली. सगळ्यांची तोंडं मिटलेली. कुणी कुणाशी बोलत नाही. एकजण छताकडं बघतोय, एकजण बुटाकडं. मध्ये माझा दिगू, मांडीवर हात ठेवून. माझ्या अंगावर काटा आला. कुठल्या तरी पंथात ओढलंय पोराला. मौनाची दीक्षा! पेपरात वाचलंय मी असलं.

लिंबाच्या आडोशाला थांबले. डोकं चालेना म्हणून जरा दात घासले. निश्चय मोडला असं नाही, कामावर असताना धरत नाहीत.

तेवढ्यात मागून एक पोरगी आली. गळ्यात ओळखपत्र, केस मोकळे. म्हणाली, दिगूच्या आई ना? काकू, झाडामागं का थांबलाय, आत या की. मी इतकी नीट लपले होते. हिला कसं कळलं? नाव उत्कर्षा, समुपदेशक म्हणे. गोड बोलते. फार गोड बोलते.

६ जानेवारी, सोमवार

उत्कर्षानं बोलावलं, गेले. पंख्याखाली बसवून सगळं समजावलं. ती माणसं गप्प बसतात कारण गोळीची पूड जिभेखाली विरघळावी लागते. बोललं, गिळलं की वाया जाते. नंतर सिस्टर प्रत्येकाला आ करायला लावून बघते. गोळीनं नशा चढत नाही, ओढ थांबते. मनानं बंद करायची नाही. काकू, तुम्ही बीपीची गोळी घेता ना, तसंच.

मी मान डोलावली. बीपीची गोळी मी अर्धीच घेते, डॉक्टरला काय कळतंय. पण हे तिला सांगितलं नाही.

फुकट देता? विचारलं. हो म्हणाली. इथंच पकडली मी तिला. सोलापुरात फुकट काय मिळतं? नळाचं पाणीसुद्धा पाच दिवसांनी येतं.

निघताना गुरप्पा दारात. त्याचं हसणं आज बंद होतं. म्हणाला, अव्वा, एक ध्यानात ठेवा. आत राहून अंगाची सवय मोडती. भायेर येऊन जुन्या मापानं घेतलं की माणूस जागेवर जातंय. माझा दोस्त सोमलिंग सुटला, तिसऱ्या दिवशी गेला. सुटला तवा घातलेला हार अजून वाळलाबी नव्हता.

मी पायरीवर जरा बसले. मग उठले. घाबरवणं हे या लोकांचं जुनं तंत्र आहे.

८ जानेवारी, बुधवार

दिगू अंघोळीला गेल्यावर त्याच्या पॅन्टचे खिसे तपासले. धुवायची होती म्हणून. काल धुतली होती, पण नीट निघाली नव्हती. सापडलं काय, तर अर्धा बिस्किटाचा पुडा, केंद्राचं कार्ड आणि रामहरीचा बसच्या पासवरचा फोटो. हा फोटो मी वर्षभर घरभर शोधतेय.

फोटोचा विचार नंतर करू. बिस्किटं अर्धी का? उरलेली कुणाला दिली?

शेजारची रत्नम्मा ओट्यावर विड्या वळत होती. तिला सगळं सांगितलं, तिचा स्वभाव गुप्त आहे. ती म्हणाली, अक्का, पोरगा घरी झोपतो, जेवतो, भांडी विसळतो, अजून काय पायजे तुला? मी म्हटलं, तेच तर. जेलात जायच्या आधी यानं कधी भांडं विसळलं होतं का? आताच का? रत्नम्मा सूप घेऊन आत गेली. विचारात पडली असावी.

१० जानेवारी, शुक्रवार

चिंचोळीला जुन्या मुकादमाकडं दिगूसाठी शब्द टाकला होता. हो म्हणाला. घरी येऊन सांगितलं तर दिगू म्हणतो, आई, मी चिंचोळीला जाणार नाही. मी म्हटलं, का, लाज वाटते? म्हणाला, गेटवरच्या टपरीवर कॅप्सूल मिळते, म्हणून.

अंगचोरपणा. कारण मात्र तयार ठेवलेलं.

गुरप्पानं त्याला टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायचं काम बघितलंय, महिन्याच्या शेवटी सुरू. शिलाई जेलात शिकला. गुरप्पाचं कुणीतरी त्या कारखान्यात असणार. साखळी आहे ही.

मिश्री आज फक्त चारदा. इच्छाशक्ती वाढते आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गल्लीत बायका वाण घेऊन इकडून तिकडं. माझ्या दाराशी येऊन पावलं जरा हळू होतात आणि पुढं जातात. यंदा तिसरं वर्ष. सवय होते असं म्हणतात. मी दार लोटून घेत नाही, उघडंच ठेवते. हवा येते.

दिगू तिळगूळ घेऊन आला, पाया पडला. म्हणाला, आई, गोड बोल. मी म्हटलं, खिशात काय आहे?

तोंडातून निघून गेलं. तो हसला, दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तीळ सांडले. मी झाडून घेतले.

आजपासून संशय खरोखरच बंद. त्यापेक्षा मुळावर घाव घालायचा. योजना ठरली. करमाळ्याला देवी कमलाभवानीपुढं दिगूनं शपथ घ्यायची. नशा नाही, गोळी नाही, काहीच नाही. दादाच्या घरी चार दिवस राहायचं, चांगली हवा, ताक, भाकरी. देवीपुढं कुठली गोळी टिकते? उत्कर्षाला एवढं साधं सुचलं नाही. शिकलेली ना.

१७ जानेवारी, शुक्रवार

दिगू मामाकडं यायला लगेच तयार झाला. केंद्रात सांगून आला. प्रवासापुरत्या गोळ्या त्यांनी बरोबर दिल्या. म्हणजे आमच्या देवीच्या दारातसुद्धा यांची माणसं नसली तरी गोळ्या येणार!

तो चप्पल घालत असताना पिशवीतून पाकीट काढलं आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं. याला चोरी म्हणत नाहीत. ठेवलंय. घरची वस्तू घरात आहे.

माझी मिश्रीची डबीही शेजारी ठेवून दिली. न्याय म्हणजे न्याय. त्यानं सोडायचं तर मीही. एसटीत खिडकीची जागा मिळाली. सगळं मनासारखं चाललंय.

१८ जानेवारी, शनिवार. दादाचं घर

सकाळी दिगूनं पिशवी उलटी केली. कपडे झटकले, चादर झटकली. म्हणाला, आई, पाकीट बघितलंस का? मी भाकरी थापत होते. म्हटलं, मी कशाला बघू? हे खरंच आहे, आज बघितलं नव्हतं. तो स्वतःलाच शिव्या देत होता, एसटीत पडलं असणार म्हणून. केंद्रात फोन लावतो म्हणाला. मी म्हटलं, एक दिवस नाही घेतली तर मरत नाही कुणी.

हे म्हणताना मला सोमलिंगची आठवण झाली. पण त्याची गोष्ट वेगळी होती.

संध्याकाळी दिगूला जांभया, नाक गळायला लागलं. दादाकडची हवा थंड आहे.

माझंही डोकं दुखतंय. त्याचा मिश्रीशी संबंध नाही.

१९ जानेवारी, रविवार

सकाळपासून दिगूच्या पायात पेटके, घाम, अंगावर शहारे. पोट बिघडलं. मला शंकाच उरली नाही. ही लक्षणं मी ओळखते, अटकेच्या वेळी हेच झालं होतं. म्हणजे इतके दिवस हा चोरून काहीतरी घेत होता! मी बरोबर होते. मी पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

एवढा आनंद झाला तरी जेवण जाईना.

दादा म्हणाला, आगं सोजरे, पोराला दवाखान्यात न्यायचं सोडून तू देवळात न्हेतीस व्हय? मी म्हटलं, दादा, तुम्हाला यातलं कळत नाही. देवळात नेलं. दीपमाळेपाशी दिगू खाली बसला आणि ओकला. पुजारी धावत आला. शपथ राहिली. मी देवीला म्हटलं, आत आल्यावर घेईल तो. तिच्या डोळ्यांकडं मला आज नीट बघवलं नाही, डोकं दुखत होतं म्हणून.

घरी आल्यावर वहिनीनं स्वतःहून मिश्री पुढं केली. तिचं मन मोडायला नको म्हणून घेतली. मग परत एकदा तिचं मन राखलं. डोकं जाग्यावर आलं. योगायोग.

पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तर बाज रिकामी. दिगू नाही, पिशवी नाही. फोन बंद. दादाची मोटारसायकल जाग्यावर. पलीकडचा बिरुदेव शेळ्या हाकत येत होता. म्हणाला, तुमचं पोरगं सडकंला गेलं की, पार वाकून चालत हुतं, इचारलं कुटं निगाला तर बोललं न्हाय.

पळाला. गेला कुठं तरी कॅप्सूल शोधायला. जुन्या मापानं घेईल.

जुन्या मापानं.

२० जानेवारी, सोमवार

पहिल्या एसटीनं सोलापूर. वाटेत ठरवलं होतं काय बोलायचं. त्या केंद्राला जाब विचारायचा. तुमच्या गोळ्यांनी माझा पोरगा पळाला. गुरप्पाला सरळ विचारायचं, कुठं लपवलाय? पोलिसात जायची धमकी द्यायची. वाक्यं पाठ केली. टेंभुर्णीच्या पुढं वाक्यं आठवेनात. नुसता तो हवालदार आठवायला लागला, टोपी काढणारा. यावेळी खांद्याला चौथा कोण मिळेल, असं काहीतरी डोक्यात यायला लागलं, आणि मी शेजारच्या बाईला उगाच विचारलं, तुमचं माहेर कुठलं.

रिक्षावाल्याला म्हटलं, पळव.

व्हरांड्यात गेले. भिंतीला लागून बाक. सात-आठ माणसं, तोंडं मिटलेली. मध्ये दिगू. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले, मांडीवर हात. कालच्या संध्याकाळच्या गाडीनं एकटाच आलेला. रात्र गुरप्पाच्या खोलीवर काढलेली. वाटेत फोनची बॅटरी गेली होती.

मी म्हटलं, दिगू. मी म्हटलं, कुठं गेला होतास रे? मी म्हटलं, बोल की!

त्यानं हात वर केला. थांब.

थांबले. दुसरं काही सुचेना म्हणून त्याच्या शेजारी बाकावर बसले. सगळ्या व्हरांड्यात मीच एकटी रडत होते, बाकीच्यांना तोंड उघडता येत नव्हतं. पलीकडच्या माणसानं न बोलता रुमाल दिला. मळका होता. घेतला.

सिस्टरनं दिगूला आ करायला लावलं, बघितलं, मान हलवली. मग तो पहिलं वाक्य बोलला. म्हणाला, आई, करमाळ्यात स्टँडच्या मागं मिळतंय, मला दोघं भेटले बी. म्हणून पळालो. हितं.

उत्कर्षानं विचारलं, काकू, पाकीट कुठं हरवलं कळलं का? गुरप्पा माझ्याकडं बघत होता. दिगूही.

मी म्हटलं, हरवलं नाही. जाग्यावर आहे.

उत्कर्षा म्हणाली, कुठल्या जाग्यावर?

मी म्हटलं, तांदळाच्या.

आता ओरडतील म्हणून पदर खोचून तयार होते, उत्तरं होती माझ्याकडं. कुणीच ओरडलं नाही. गुरप्पानं फक्त चहाचा कप आणून माझ्या हातात दिला, जेलच्या दारात दिगूला दिला होता तसा. म्हणाला, घ्या अव्वा, पैला कप सगळ्यांना जड जातोय.

२१ जानेवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. माझा हेतू चांगला होता. पाकीट कोरडं राहिलं, तांदळात ओल लागत नाही. शिवाय यातून पोराची परीक्षा झाली आणि तो पास झाला. म्हणजे एका अर्थी योजना यशस्वी.

हे रत्नम्माला सांगितलं. तिनं विडी वळता वळता माझ्याकडं बराच वेळ बघितलं. म्हणाली, अक्का, तू आता आत जा.

पाकीट केंद्रात परत दिलं. दिगू माझ्याशी कमी बोलतोय. संध्याकाळी भांडी मात्र विसळली. का विसळली हे मी शोधत बसले नाही. एक ताट जास्तच घासत होता.

२६ जानेवारी, रविवार

दिगूनं आज विचारलं, आई, तू अर्धी का घेतेस बीपीची गोळी? मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाला, औषधाच्या पाकिटात अर्ध्या तुकड्यांचा ढीग झालाय. म्हणजे हा माझ्या वस्तू तपासतो! स्वतःच्या आईच्या! कुठून शिकला असली सवय?

मिश्रीचंही काढलं. म्हणाला, करमाळ्यात मला पायात पेटके आले तेव्हा तुझंबी डोकं फुटत होतं की, मी बघत होतो. मी म्हटलं, ते उन्हानं. म्हणाला, जानेवारीत?

केंद्रातल्या बाकावर घरच्या लोकांची बैठक असते, तिथं मी दोनदा गेले. दुसऱ्यांचं ऐकायला. तिथल्या बाकीच्या आया पोरांवर फार संशय घेतात. त्यांना समजावून सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

दिगू टॉवेलच्या कारखान्यात लागलाय. काठ सरळ येतात, मुकादम खूश आहे, असं तो म्हणतो. मी जाऊन बघून आले, येतात सरळ.

आता त्याला रविवारची गोळी घरी देतात. ती ठेवायला मी माझा जुना कुंकवाचा करंडा दिला. रिकामाच होता.

मिश्रीची डबी दिगूनं ताब्यात घेतलीय. मी विरोध केला. पण त्यानं उत्कर्षाला विचारून माप ठरवलंय, सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक, आणि दर आठवड्याला चिमूट बारीक करायची. स्वतःच्या हातानं देतो. म्हणतो, माझ्यासमोर लाव. मोठी लाचारी आहे. पण पोराच्या समाधानासाठी करते.

तर आता दोघं ओट्यावर बसलो होतो. ऊन कोवळं होतं. त्याच्या जिभेखाली गोळी, माझ्या गालात चिमूट. दोघांची तोंडं बंद. रत्नम्मा सूप घेऊन बाहेर आली, म्हणाली, काय अक्का, मायलेकांचं भांडण झालं काय सकाळी सकाळी? दिगूनं हात वर केला. मीही केला. थांब.

समोर दोरीवर रामहरीचा सदरा वाळत होता. दिगूला बसतो आता तो.

त्याचं आधी विरघळलं. तो उठला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, आई, आ कर.

मी म्हटलं, कशाला?

म्हणाला, कर की. गालात दुसरी चिमूट असती तुझी.

स्वतःच्या आईवर संशय!

आ केला. होती.